टोळीचे कागद

आमच्याकडे रोवण्याच्या आणि निंदणाच्या दिवसांत बायका आजारी पडतात, पण दवाखान्यात येत नाहीत. त्यांचे कागद येतात.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. आमचा भाग धानाचा. बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवणा म्हणजे भाताची लावणी लागली की दहा-बारा बायकांची टोळी होते आणि टोळीनं मिळून काम अंगावर घेतलेलं असतं. एखादी दवाखान्यात जाऊन बसली तर तिचा रोज बुडतोच, शिवाय तिच्या वाटचं वाकणं बाकीच्यांच्या कमरेवर येतं. म्हणून टोळीतली एकच बाई येते. सगळ्यांचे केसपेपर प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून आणते, स्टुलावर बसते, एकेक कागद पुढं सरकवते आणि जी समोर नाही तिचं दुखणं सांगते. डॉक्टर लिहितो. गोळ्यांच्या पुड्या घेऊन ती दुपारच्या आत परत बांधीवर पोचते.

हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. लाखनीकडच्या आमच्या गावात माझी आईच टोळीचे कागद न्यायची. तिला वाचता येत नव्हतं, तरी कोणता कागद कोणाचा हे ती घडीवरून ओळखायची. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. मी एमबीबीएस झाले तेव्हा विहाराच्या ओट्यावर माझा सत्कार झाला, आणि माझी आई दहा जणींच्या मधे बसून प्रत्येकीला सांगत होती की ही माझीच आहे. जसं काही त्यांना माहीत नव्हतं. मी हुशार होते. हे लिहायला मला लाज वाटत नाही. पुढचं लिहायला वाटते.

माझी नेमणूक तुमसर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रावर झाली. सिहोऱ्यापासून फार लांब नाही. गावाचं नाव सांगत नाही. माझ्याआधीच्या डॉक्टरांना या कागदांचा राग यायचा. "पेशंट कुठे आहे? कागदाला इंजेक्शन देऊ का?" असं म्हणून ते कागद भिरकवायचे, असं शिपाई सांगे. मी आल्यावर कागद घ्यायला लागले. मला वाटायचं, मी यांच्यातली आहे म्हणून मला यांची अडचण समजते. ते खरंच होतं. पण आणखी एक गोष्ट तितकीच खरी होती आणि ती मी स्वतःलाही सांगत नव्हते. एका बाईत सहा पेशंट निपटत होते.

केंद्रात डॉक्टरांच्या जागा दोन. दुसरी मी येण्याच्या आधीपासून रिकामी. मधे एक जण आला, महिनाभर राहिला, त्याला दुसरीकडे कामाला लावलं, तो परत आला नाही. त्यामुळे ओपीडी माझी, बाळंतपणं माझी, तळ्यात बुडालेल्याचं पोस्टमार्टम माझं, आश्रमशाळेतल्या पोरींची तपासणी माझी, शिबिरं माझी, आणि बारा वाजता व्हीसीत, साहेबांच्या व्हिडिओ कॉन्फरन्समधे, बसून कोणत्या कार्यक्रमात आपण मागे का आहोत हे ऐकून घेणंही माझंच. सकाळी नऊला रांग पायऱ्यांखाली उतरलेली असायची. ती मी बाराच्या आत संपवायची. नोंदणीवरचा क्लार्क कौतुकानं म्हणायचा, "आमच्या म्याडम रांग खाते." मला ते आवडायचं. मी वेगानं लिहायला शिकले. मान खाली ठेवून ऐकायला शिकले. पेशंटच्या तोंडून दुसरं वाक्य निघायच्या आत पहिल्यावरून औषध लिहायला शिकले, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. बहुतेक वेळा बरोबर असणं ही फार वाईट सवय आहे.

टोळीच्या कागदांत एक अडचण होती. केसपेपरवर बीपीचा रकाना असतो. तो कोरा राहिला तर वरून विचारणा होते. जी बाई त्या वेळी गुडघाभर चिखलात उभी आहे तिचा बीपी कुठून आणायचा? सिस्टर एकशे वीस ऐंशी लिहायची. "पेशंट हजर नाही" असा रकाना कुठल्याच कागदावर नसतो. मी खाली "तपासले" लिहून सही करायची. आम्ही दोघी कधी यावर एक शब्द बोललो नाही.

त्या वर्षी पोळा होऊन गेला होता आणि निंदण, म्हणजे तण काढणं, चालू होतं. धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या बांधावर, गवत कमरेइतकं वाढलेलं. बायका ते बैलांसाठी कापायच्या आणि त्याच गवतात बसून शिदोरी खायच्या. मी ज्या बाईबद्दल लिहीत आहे ती एका टोळीचे कागद आणायची. पन्नाशी उलटलेली, काटक, दात गुडाखूच्या तंबाखूनं काळे. माझ्या आईच्या वयाची म्हणून मी तिला मावशी म्हणायची.

"काय मावशी, किती आणले?"

"सा आनले म्याडम. सातवी मी. पर मले काही होत नाही, मी जुनं लाकूड आहो."

पहिलीचे पाय चिखलानं फुटले होते, बोटांच्या सांधीत पाणी येत होतं. मलम लिहिलं. दुसरीच्या पोटात मुरडा. तिसरा कागद तिनं हसतच पुढं केला.

"हिची कंबर. हे तं लग्नाच्या आंधीपासून दुखून रायली. हिचा नवरा म्हनते, सासऱ्यानं मले तशीच देली."

रांगेतल्या बायका खिदळल्या. मीही हसले, मान खाली ठेवूनच. तेवढ्यात लेबर रूममधून सिस्टरचा दुसरा निरोप आला. एक पहिलटकरीण होती, तिचं रक्त थांबत नव्हतं. मी "आलेच" म्हटलं आणि चौथा कागद ओढला.

"हे आमची सगळ्यात धाकली. चार दिस झाले, ताप हाये. डोकं फुटते म्हनते. काल उभीच नाही राहू शकली, धुऱ्यावर झोपवली तिले. आन् म्याडम, तिच्या कमरेपाशी..."

मी लिहून मोकळी झाले होते. "तापाच्या गोळ्या दिल्या मावशी. दोन दिवसांत नाही उतरला तर घेऊन ये. पुढचा कागद दे."

तिनं पुढचा कागद दिला.

एवढंच घडलं. मी सगळे कागद संपवून लेबर रूमकडे धावले. ती पहिलटकरीण वाचली. तिचं रक्त मी थांबवलं, माझ्या हातांनी, आणि बाराच्या व्हीसीला साडेबाराला जाऊन बसले, उशिराबद्दल बोलणी खाल्ली. त्या दिवशी मी स्वतःला चांगली डॉक्टर समजत होते.

तीन दिवसांनी त्या धाकलीला तिच्या नवऱ्यानं आणि सासूनं टेम्पोत घालून आणलं. मी तिला पहिल्यांदा पाहत होते. चोवीस-पंचवीसची असेल. डोळे पिवळट, ओठ कोरडे, श्वास असा चाललेला जसा कोणी मागे लागलं आहे. नवऱ्यानं खिशातून घडी केलेला केसपेपर काढून माझ्यापुढं धरला. त्यावर माझंच अक्षर. तपासले. मी तिला ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं, भंडाऱ्याला पाठवलं. तिथून तिला नागपूरला नेलं.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून फोन आला. आवाज कोवळा होता, शिकाऊ डॉक्टर असावा. फार नम्र बोलत होता.

"मॅडम, तुमच्याकडची ती पेशंट. स्क्रब टायफस आहे. उजव्या कमरेला खपली आहे, साडीच्या गाठीच्या खाली. तुमच्या भागात आणखी केसेस असतील म्हणून सांगतो."

तो दोष देत नव्हता. माहिती देत होता. मी "थँक्यू सर" म्हटलं.

हा ताप गवतातल्या एका बारीक किड्याच्या चाव्यानं येतो. किडा चावतो तिथं बिडीचा चटका बसावा तशी काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून माणूस स्वतःहून बोलत नाही. डॉक्टरनं कपडा बाजूला करून पाहावं लागतं. दोन मिनिटं लागतात. चौथ्या-पाचव्या दिवशी ओळखला तर साध्या गोळ्यांनी बहुतेक उतरतो, आणि त्या गोळ्यांचा खोका आमच्या स्टोअरमधे, माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होता. भरलेला.

फोनच्या दुसऱ्या दिवशी ती गेली.

चौकशी आमच्याच मीटिंग हॉलमधे झाली. तालुक्याचे आरोग्य अधिकारी आले होते. चांगला माणूस, दोन खुर्च्यांचा चार्ज सांभाळून थकलेला. त्यांच्या हातात तो केसपेपर होता.

"मॅडम, पेशंट तपासला होता ना?"

मी म्हटलं, "हो सर."

का म्हटलं, याची कारणं मी नंतर पुष्कळ गोळा केली. सिस्टरचीही नोकरी होती. कागद घेणं बंद झालं असतं तर बायकांचेच हाल होते. ही सगळी कारणं नंतरची. त्या वेळी माझ्या डोक्यात फक्त विहाराचा ओटा होता, आणि त्यावर बसलेली माझी आई.

धाकलीच्या नवऱ्यानं सांगितलं होतं की गोळ्या टोळीतल्या बाईनं आणल्या, म्हणून साहेबांनी मावशीला बोलावलं. ती दाराशी उभी राहिली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. साहेबांनी विचारायच्या आधीच बोलली.

"चुकी माझी हाये सायब. तिच्या कमरेले काळा डाग होता. मी पायला होता, आमी दोघी तळ्यावर संगंच आंग धुतलं. म्याडमले सांगाचा रायला. सा जनींचं सांगता सांगता माझ्या ध्यानातून गेला."

साहेबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. कागद कोणी आणले आणि पेशंट कुठं होता, हे त्यांना त्या क्षणी कळलं. मी टेबलाच्या कडेकडं पाहत होते. मला माहीत होतं की ती विसरली नव्हती. तिनं सांगायला सुरुवात केली होती. ते वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं होतं, आणि मीच ते मधेच तोडलं होतं.

साहेबांनी लिहिलं की नातेवाइकांनी लक्षणं पूर्ण सांगितली नाहीत, आणि पेनाला टोपण लावलं. जीपपाशी मला हळूच म्हणाले, "सगळीकडे असंच चालतं मॅडम. मीही केलं आहे. आता जपा."

मी जपायला लागले. दारावर कागद चिकटवला की पेशंटनं स्वतः यावं. तापाची जी बाई येईल तिला पडद्याआड नेऊन कंबर, काख, मांड्या, सगळं पाहायला लागले. रांग चार वाजेपर्यंत चालायला लागली. क्लार्क आता माझ्याबद्दल काही बोलत नव्हता. त्या पंधरवड्यात दोन बायकांच्या अंगावर मला तशीच खपली सापडली. दोघींना गोळ्या दिल्या. दोघी आठवड्यात कामावर गेल्या. आनंद व्हायला पाहिजे होता. मी बाथरूममधे जाऊन नळ सोडून उभी राहिले.

टोळ्या मात्र यायच्या बंद झाल्या. रोज बुडवून चारपर्यंत कोण बसणार? किराणा दुकानातून तापाची गोळी घेऊन त्या बांधीत उतरत होत्या.

आणि ते वाक्य. भाजी चिरताना, व्हीसीत बसलेली असताना, एखाद्या लेकराच्या छातीला नळी लावलेली असताना ते यायचं. "आन् म्याडम, तिच्या कमरेपाशी..." तिचाच आवाज, थोडा खरखरीत. तिथंच थांबायचा. कधी कधी मी ते मनात पुढं जाऊ द्यायची. मी मान वर करते, विचारते, काय आहे कमरेपाशी? ती सांगते. मी म्हणते, आत्ता घेऊन ये तिला. संध्याकाळी ती धाकली चालत येते, लाजते, पडद्याआड साडीची गाठ सैल करते. मी गोळ्या देते. ती जाते. इथपर्यंत सगळं नीट चालायचं, आणि मग समोरचं लेकरू रडायचं.

गावच्या आशा कार्यकर्तीनं एक दिवस सांगितलं की त्या मावशीला टोळीतून काढलं. त्या धाकलीच्या सासूनं नळावर सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "हिनंच खाल्ली माझी सून." त्या दिवसापासून तिला कोणी कामाला बोलावत नव्हतं. तिच्या शेजारी कोणी भांडं लावत नव्हतं.

दिवाळीत मी गावी गेले तेव्हा आईला सगळं सांगितलं. ती पोहे निवडत होती. निवडता निवडताच तिनं विचारलं,

"तुनं मान वर केली होती का?"

"कसली मान?"

"कागद पायताना. आमचा डाक्टर नाही करे. मी दहा जनींचं सांगो, तो लिहीतच राहे. मी आर्धं सांगतलं का पूरं, त्याले मालूमच नाही पडे. मले वाटे, आपल्यातलं कोनी त्या खुर्चीवर बसलं असतं तं मान वर केली असती." मग सूप उचलून ती आत गेली. त्या दिवाळीत तिनं माझ्याबद्दल कोणाजवळ काही सांगितलं नाही. मी कान देऊन होते.

परत आल्यावर मी त्या मावशीला शोधत गेले. धानाची कापणी चालू होती, पण ती कोणाच्या तरी वाडीत एकटीच वांगी तोडत होती. मला पाहून घाईघाईनं उठली. बसायला जागा नाही म्हणून टोपली उपडी करायला लागली.

"मावशी, तू विसरली नव्हतीस. तू सांगितलं होतंस."

"काय सांगतलं होतं?"

"कमरेचं. तू म्हणालीस, आन् म्याडम, तिच्या कमरेपाशी. तेवढ्यात मी पुढचा कागद मागितला. मी ऐकलं नाही."

"नाही म्याडम. मी नाही सांगतलं. मले सारं आठवते."

"मलाही आठवतं."

"तुमाले इतके पेशंट. तुमाले कोनाकोनाचं आठवन?"

"हे आठवतं मावशी. रोज आठवतं."

ती वांगी तोडायला लागली. देठाचा काटा लागला तर बोट तोंडात घातलं. मग माझ्याकडं न पाहता बोलली. तिच्या तोंडचं म्याडम गेलं, तुमी गेलं.

"तू अजून लहान हायेस पोरी. असं बोलू नोको, आन् गावात कोनाले सांगू बी नोको. माझ्यावर आहे ते राहू दे. मी बुढी हो, मले टोळीत नाही घेतलं तं वांगे तोडीन. पर डाक्टरनं आइकलंच नाही असं गावात झालं, तं बायका जातीन कोनापाशी? हाये का इथं दुसरा डाक्टर?"

"नाही."

"मंग?"

ती मला वाचवत नव्हती. तिला डॉक्टर वाचवायचा होता, जो कोणी तिथं बसेल तो. एवढ्या गावांत एकच आहे, तर तो चुकणारा नसावा. तो चुकतो हे एकदा कळल्यावर त्याच्यापुढं लेकरू धरायचं कसं? त्यापेक्षा दोष आपल्या अंगावर बरा, असा तिचा हिशोब होता. मी शिकलेली होते, आणि माझ्याजवळ त्याला तोड नव्हती.

तरी मी सांगितलं. तिचं ऐकून गप्प राहिले असते तर मी तिला दुसऱ्यांदा तेच केलं असतं, असं मला वाटलं. बरोबर वाटलं की नाही हे अजून ठरवता येत नाही.

आधी त्या धाकलीच्या घरी गेले. सासू चुलीपाशी होती, तिनं मागं वळून पाहिलं नाही. नवऱ्यानं सगळं उभ्यानं ऐकलं. बस म्हणाला नाही. शेवटी म्हणाला, "पर कागदावर तं तपासलं लिहिलं हाये."

"ते खोटं आहे. मी तिला पाहिलंच नव्हतं."

तो आत गेला आणि केसपेपरची झेरॉक्स घेऊन आला, पन्नीत घालून ठेवलेली. बोट ठेवून त्यानं ती शांतपणे वाचली. एका आकड्यावर थांबला.

"मंग हे कोनाचं ब्लडप्रेशर हाये?"

मी म्हटलं, "कोणाचंच नाही."

त्यानं कागद परत पन्नीत घातला. मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेऊन घरी आले असते. सासू चुलीकडं तोंड करूनच म्हणाली, "मंग बुढीले मी काय काय बोलली," आणि पुढं लाकूड आत सरकवत राहिली.

नंतर बाजाराच्या दिवशी, काम बंद म्हणून, ती टोळी ओपीडीत आली, सगळ्या जणी. रांगेत आणखी पन्नासेक माणसं. मी खुर्चीवरून उठले आणि सगळ्यांदेखत सांगितलं की मावशीनं मला डागाचं सांगायला घेतलं होतं आणि मी तिला पूर्ण बोलू दिलं नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, "बरं, आता लाइन तं चालवा म्याडम." दोन-तीन जण हसले. मी बसले. लाइन चालली. कोणी उठून गेलं नाही. जायचं कुठं?

साहेबांना मी लेखी दिलं. त्यांनी वाचून म्हटलं, "बंद झालेली फाइल तुम्ही कशाला उघडता?" आणि ठेवून घेतलं. वरून अजून काही आलेलं नाही. दुसरी जागाही अजून रिकामीच आहे.

मावशीला टोळीनं परत घेतलं. हे खरं झालं. उन्हाळी धानाच्या रोवण्यात मी तिला पाहिलं, बायकांच्या ओळीत मधोमध, काहीतरी बोलून सगळ्यांना हसवत होती. टोळीतल्या बायका आता स्वतः येतात. स्टुलावर बसून तक्रार सांगतात आणि उठत नाहीत. वाट पाहतात. मग विचारतात, "आइकलं ना म्याडम?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला चटका बसला. आता मी त्यांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत परत म्हणून दाखवते, आणि त्या कधी कधी दुरुस्त करतात. "परवापासून नाही, नेरवापासून." नेरवा म्हणजे परवाच्या आदला दिवस.

मावशी मात्र आली नाही. तिनं सांगू नको म्हटलं होतं आणि मी सांगितलं होतं. दोष तिच्यावरून उतरला, आणि तिला जो डॉक्टर शिल्लक ठेवायचा होता तो मी तिच्यापासून काढून घेतला.

गेल्या महिन्यात आशा म्हणाली की मावशीला खोकला धरला आहे, तीन आठवडे होत आले. मेडिकलमधून लाल बाटली आणून पिते. मी निरोप धाडला. उलटा निरोप आला, "म्याडमले म्हना, मी बरी आहो." दुसऱ्यांदाही तोच. मग ओपीडी आणि लसीकरण यांच्या मधल्या वेळात मीच गेले, केंद्राची गाडी रस्त्यावर उभी करून.

ती अंगणात खाटेवर बसली होती. वाळली होती. गळ्याची हाडं वर आली होती. मी नळी काढली तर नको म्हणाली नाही. पाठ माझ्याकडं केली, लुगडं खाली घेतलं, श्वास घे म्हटलं तर घेतला, सोड म्हटलं तर सोडला. उजव्या बाजूला वर मला जे ऐकू यायला नको होतं ते येत होतं. थुंकीसाठी डबी दिली, ती तिनं हातात घेतली.

"ताप येतो का मावशी? संध्याकाळी?"

ती कुडाच्या भिंतीकडं पाहत होती.

"वजन कमी झालं ना? जेवण जातं? थुंकीत रक्त दिसलं का कधी?"

सहा-सहा जणींचं दुखणं न चुकता सांगणारी बाई होती ती. कोणाची कंबर, कोणाचा मुरडा, कोणाचं लग्नाआधीचं दुखणं. स्वतःचं तिनं एक अक्षर सांगितलं नाही. रस्त्यावरून ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, लसीकरणाला बायका लेकरं घेऊन थांबल्या होत्या. त्याही माझ्याच. तिनं हॉर्न ऐकला, पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाली, "जा ना म्याडम. तुमाले टाइम नाही."

मी पुन्हा विचारलं, ताप येतो का. तिनं पुन्हा भिंतीकडं पाहिलं. मी खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसले. ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न वाजवला. ती खोकली, पदर तोंडाला लावला, काढून पाहिला आणि मुठीत धरला.

"दाखव मावशी," मी म्हटलं.

तिनं मूठ उघडली नाही. मी बसून राहिले.